तिसऱ्या ओळीपाशी

१२ जानेवारी

दादा,

तुझी गिटार मी खुंटीवरून काढली आहे. तुला न विचारता. विचारणार तरी कशी? माझ्या नंबरवरून तुला फोन लागत नाही. का लागत नाही ते मी विचारत नाही. आई म्हणते जहाजावर रेंज नसते. जहाज बंदराला लागलं की आईचा मात्र लागतो. असो. कंपनीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पत्र टाकलं तर तीन आठवड्यांत तुला मिळतं, हेही आईनेच सांगितलं, म्हणून लिहिते आहे.

मला गिटार शिकायची आहे. हसायचं असेल तर हस.

शाळेतून तीनला सुटते. सहावीला विज्ञान शिकवते, हे आईने सांगितलं असेलच. घरी येऊन तोंड धुते आणि चारला बाहेरच्या खोलीत गिटार घेऊन बसते. आठ दिवस झाले. डाव्या हाताच्या चार बोटांना फोड आलेत आणि खडू धरायचा उजवा हात आहे म्हणून नोकरी टिकली आहे.

तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. पण गिटारवर धूळ नव्हती. तीन वर्षं खुंटीवर होती, वर कुणी हात लावला नाही, तरी धुळीचा कण नाही. मी आईला विचारलं, तर म्हणाली, "मी नाही बाई. माझा हात तिथवर पोचतो तरी का?"

पिशवी माळ्यावर सापडली. आतल्या खिशात तुझी निळी वही होती. 'रोजचे नियम' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेस, त्यावरून तेव्हा फार उत्साहात होतास असं दिसतं. पहिला नियम: 'गिटार पिशवीत ठेवायची नाही, डोळ्यांसमोर ठेवायची. निम्मा कंटाळा पिशवीची चेन उघडायचाच असतो.' हे मला इतकं पटलं की मी वर्गात सांगितलं. प्रयोगाचं सामान कपाटाबाहेर काढून ठेवलं. मुख्याध्यापिकाबाई रागावल्या.

त्यामुळे गिटार आता बाबांच्या शिलाई मशीनशेजारच्या खुर्चीवर उभी असते. बाबांच्याही डोळ्यांसमोर.

वहीच्या शेवटी ती तुझी धून आहे, पण पहिल्या तीनच ओळी. मला तीच शिकायची आहे. ऐकून ऐकून मला ती पाठ आहे, फक्त बोटांना येत नाही. कुठून सुरुवात करू, ते सांगशील का?

घरी सगळं चालू आहे. बाबांचं मशीनही चालू आहे.

तुझी बहीण


२० फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. वर प्रिय नाही, खाली सही नाही, मध्ये सहा वाक्यं आणि सहाही गिटारची. 'अंगठा गिटारच्या मानेच्या मागे, वर डोकावायला नको. डाव्या हाताची नखं काप. रोज वीस मिनिटं, त्याहून कमी नाही, जास्तही नाही. रविवारी तीन तास वाजवणं म्हणजे आठवड्याचं जेवण रविवारी जेवणं. जितक्या सावकाश वाजवून चूक होत नाही तितक्या सावकाश वाजव. मग त्याहून सावकाश.'

मला फार आनंद झाला, हे तुला लिहायला हरकत नाही ना? कार्ड मशीनच्या वर भिंतीला टाचून ठेवलं आहे. आई म्हणाली, "एवढं जग फिरला, पण अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच." मग चष्मा लावून दोनदा वाचलं.

नखं कापली. अंगठा मागे ठेवते. पहिल्या ओळीतले सूर आता ओळखू येतात. म्हणजे मला येतात. बाबांचं म्हणणं वेगळं आहे. परवा म्हणाले, "तो वाजवायचा ती टिणटिण होती. तू वाजवतेस ती ठणठण आहे. घरात लोहार शिरला की काय?"

मी म्हटलं, "बंद करू का?"

"बंद कशाला? लोहारालाही चार दिवस द्यावे लागतात."

हे बाबा म्हणाले, दादा. आपलेच बाबा.

त्यांनी कामं जरा कमी घेतली आहेत. डोळ्यांवर ताण येतो म्हणतात. दुपारचे ते आता बाहेरच्या खोलीतच, मशीनमागच्या कॉटवर आडवे होतात, म्हणजे माझं वाजवणं त्यांना ऐकावंच लागतं. मोकळा वेळ मिळाला म्हणून त्यांनी स्वतःच्या चारही पँटी कमरेत आत घेतल्या. आधी एक इंच, परवा अजून एक. आता छान बसतात.

हे आपलं सहज लिहिलं.

पूर्ण धून यायला साधारण किती दिवस लागतील? नक्की सांग. आठवड्यांत सांगितलंस तर बरं.

तुझी बहीण


२५ मार्च

दादा,

एक वर्ष?

'रोज वाजवलंस तर एक वर्ष. घाई करू नकोस. घाईत बसलेली चूक काढायला दुप्पट वेळ लागतो.' तुझं बरोबर आहे. मीही मुलांना हेच सांगते. पण मला जूनपर्यंत यायला हवी आहे. का, ते विचारू नकोस. शाळेत कार्यक्रम आहे असं समज. नाही, कार्यक्रम नाही. मला खोटं लिहायचं नाहीये. तू फक्त विचारू नकोस.

वीस मिनिटांचा नियम मी मोडला आहे. सकाळी वीस, दुपारी वीस आणि संध्याकाळी आई भाजी निवडते तेव्हा वीस. मधे सोडलं तर चालतं, असा अर्थ मी काढला.

आता एक गोष्ट सांगते. सावकाश वाजव म्हटलंस, पण माझा वेग आपोआप वाढतो. सोपं आलं की पळते, अवघड आलं की धडपडते. बाबा कॉटवरून ऐकत होते. उठले, मशीनवर बसले. सुईखाली कापड नव्हतं. म्हणाले, "मी पाय मारतो. तू त्याच्यामागून ये. पुढे गेलीस तर बघ."

आणि दादा, ते इतका हळू पाय मारायला लागले की चाक थांबेल असं वाटावं, पण थांबत नव्हतं. टक. टक. टक. चाळीस वर्षांचा पाय आहे तो. मी दोनदा पुढे पळाले, दोन्ही वेळा त्यांनी घसा खाकरला. तिसऱ्यांदा आम्ही दोघं पहिल्या ओळीच्या शेवटापर्यंत बरोबर पोचलो. आई दारात येऊन उभी होती, हाताला पीठ. मग आत गेली.

आता रोज चारला असंच. म्हणजे बाबांना बसवेल तेव्हा. कंटाळा आला नाही तर, असं म्हणायचं होतं मला.

काल मी तिसऱ्यांदा चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तर बाबा ओरडले, "अगं, सगळी पँट कशाला उसवतेस? चुकली तिथपर्यंतच उसव ना!" मला एकदम आठवलं. तुझी वही काढली, चौथा नियम त्यांच्यासमोर धरला: 'चुकलं की थांब. पार पहिल्यापासून नको. दोन सूर मागे जा आणि तिथून ये. बाबा उसवतात तसं.'

त्यांनी चष्मा मागितला. वाचलं. मग वही थोडी लांब धरून परत वाचलं.

"मी कधी शिकवलं त्याला?" म्हणाले. "तो तर मशीनकडे बघायचासुद्धा नाही."

मी म्हटलं, "बघत असणार."

त्यांनी वही परत दिली आणि बराच वेळ रिकाम्या मशीनला पाय मारत बसले. मी वाजवत नव्हते तरी.

दुसरी ओळ आली आहे. तिसऱ्या ओळीशी, जिथे पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या आहेत, तिथे नुसता खरखराट होतो. पण त्यानंतर आपण तीनदा मागे जातो ना, त्यात जरा उसंत मिळते. तिसऱ्या खेपेला मग ती हळूच थांबते. मला धूनमधला तोच भाग सगळ्यात आवडतो. कुणीतरी दारापर्यंत येऊन परत फिरावं तसा. त्यापुढे काही असेल तर लिहून पाठव.

तुझी बहीण


२६ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मी दोनदा वाचलं, मग मोठ्यांदा वाचून दाखवलं. 'तीनदा मागे जायचं नाहीये. धून तशी नाही. तिथे मला जमत नव्हतं. पुढच्या तीन ओळी मागे लिहिल्या आहेत.'

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

आठ वर्षं, दादा! आठ वर्षं तू लाकडी फळ्यांच्या भिंतीपलीकडे जिथे अडत होतास, ते आम्ही गाणं समजत होतो. मी तसंच वाजवत होते, तू अडायचास ते मापासकट. आई भांडी घासताना गुणगुणते तेसुद्धा तीनदा मागे जाऊन. बाबा तर त्याच तालावर काजं करायचे, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं: "तिसऱ्यांदा अडला की माझं एक काज व्हायचं."

मग ते हसायला लागले. इतके हसले की त्यांना आडवं व्हावं लागलं. आई म्हणाली, "पुरे आता," आणि त्यांची पाठ चोळत बसली. बराच वेळ.

पुढच्या ओळींबद्दल आभार. मी लागले आहे. पण तू म्हणाला होतास तसंच झालं. घाई केली आणि चूक बसली. आडवं बोट टाकलं की मनगट वाकडं होतं, आणि मनगट वाकडं झालं की चौथी तार मरते, वाजतच नाही. रोज साठ मिनिटं मी ती मेलेली तार घोटते आहे. चुकीचं घोटलं तरी तेवढंच पक्कं होतं, हे मला विज्ञानाच्या पदवीने शिकवलं नव्हतं. घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा फोटो बाबांनी तुझ्या गिटारच्या खुंटीशेजारी लावला आहे. गिटार वाजवताना तो समोर येतो. गाऊन मोठा झालाय मला त्यात. बाबा दर वेळी म्हणतात, "खांद्याला अर्धा इंच घ्यायला हवा होता."

दादा, तू येऊ शकशील का? दोन दिवस. माझं मनगट बघायला. पत्राने मनगट सरळ होत नाही. तू फक्त हात धरून एकदा ठेवलंस तर होईल. गिटारसाठी ये. बाकी कशासाठी नाही.

मेमध्ये जमलं तर फार बरं.

तुझी बहीण


९ जून

दादा,

करार ऑक्टोबरमध्ये संपतो, तोवर कप्तान सोडत नाही, कळलं. ऑक्टोबर ठीक आहे.

████ वर जी ओळ खोडली आहे ती उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

बाबांनी गिऱ्हाइकांची कापडं परत दिली. पाच जणांची होती. मी पोचवून आले. प्रत्येकाच्या कापडाला त्यांनी मापाची चिठ्ठी टाचली होती, दुसऱ्या टेलरला सोपं जावं म्हणून. कारण डोळ्यांचंच सांगतात. पाय मशीनपर्यंत नेत नाहीत आता, म्हणून मला ताल ते कॉटवरून देतात. शिवताना घालायचं ते पितळी अंगुस्तान बोटात घालतात आणि कॉटच्या लोखंडी दांडीवर मारतात. टिंग. टिंग. शिवण नाही, तरी अंगुस्तान काढत नाहीत.

मनगटाचं तू लिहिलंस ते केलं. कोपर पुढे घेतलं, मनगट आपोआप सुटलं. काल सहापैकी पाच तारा वाजल्या. मी ओरडले, "ऐकलं का?" बाबा म्हणाले, "ऐकलं. सहावी कुठे गेली?"

त्यांनी तुझ्यासाठी एक वाक्य सांगितलं आहे. जसं सांगितलं तसं लिहिते: "त्याला लिही, घाई करू नको म्हणावं. हातातलं आधी संपव."

हे वाक्य लिहायची माझी इच्छा नव्हती.

तुझी बहीण


२ जुलै

दादा,

कंपनीच्या ऑफिसने तुला निरोप दिला, आणि बंदरातून तू आईला फोन केलास. आई सांगते, अकरा मिनिटं फोन चालू होता आणि तुम्ही दोघंही काही बोलला नाहीत. त्यामुळे तुला फक्त बाबा गेले एवढंच माहीत आहे. बाकीचं मी सांगायला हवं.

डिसेंबरात कळलं होतं. पोटात गाठ होती, पसरली होती. डॉक्टर म्हणाले सहा महिने, फार तर आठ. घरी आल्यावर बाबांनी आईला आणि मला समोर बसवलं. म्हणाले, "त्याला कळवायचं नाही. पहिल्यांदा कुठे त्याचा जम बसलाय. मशीनवरच्या चालू टिपेतून माणसाला उठवलं की तिथे गाठ बसते, ती शेवटपर्यंत दिसते." आम्ही वचन दिलं. मी म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही. ते म्हणाले, "खोटं नको लिहू. कमी लिही."

म्हणून गिटार काढली. मला वाटलं, आजारपणासाठी बोलवायचं नाही असं ठरलंय, गिटारसाठी बोलवू नका असं कुठे ठरलंय? आणि तू नाही आलास तर निदान तुझी धून त्यांना मिळेल. म्हणून जूनची घाई होती.

पँटींचं मी सहज लिहिलं नव्हतं. दोन इंच कमी झालेली कंबर टेलरच्या मुलाला कळेल असं वाटलं. वचनही पाळल्यासारखं होईल आणि तुला सांगितल्यासारखंही. ही चलाखी होती. तुला कळलं नाही यात तुझी काही चूक नाही. समुद्रावर बसून कुणी पँटीचे इंच मोजत नाही. मला सरळ लिहायचं धैर्य झालं नाही, एवढंच खरं आहे.

आता दुसरं. हे तुला माहीत आहे, पण मी लिहिलेलं तुझ्याकडे असायला हवं.

तू गेलास तेव्हा सगळ्यांनी धरलं की बाबांमुळे गेलास. त्या सकाळी ते म्हणाले होतेच, "घरात ही टिणटिण नको." पण ते तर ते दर आठवड्याला म्हणायचे. तू गेलास दुपारी, माझ्यामुळे. माझा शेवटचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. तू तिसऱ्या ओळीशी अडत होतास. मग थांबलास, दारात आलास आणि विचारलंस, "चहा टाकतोय. तुलाही टाकू का?"

मी म्हटलं, "आधी ते बंद कर."

आणि मग म्हटलं, "आठ वर्षं एकच गाणं वाजवतोयस, तेही अर्धं. तुला जमत नाही हे तू सोडून सगळ्यांना कळलंय, दादा."

तू गिटार खुंटीला लावलीस, ती हळू, आवाज न करता. पिशवीसुद्धा घेतली नाहीस. मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. संध्याकाळी आई बाबांवर तुटून पडली, "घालवलंत ना पोराला!" आणि मी तिथे बसून होते. दुसऱ्या दिवशी पेपरला गेले. पहिला वर्ग मिळाला. आई वर्षभर बाबांशी कामापुरतं बोलत होती. मी रोज बघत होते. रोज उद्या सांगेन म्हणायचे.

मे महिन्यात एकदा बोटं जमेनात म्हणून मी चिडले आणि गिटार खुर्चीवर आपटली. बाबा म्हणाले, "तिच्यावर कशाला काढतेस? तिचा काय दोष? त्या दिवशीही तिच्यावरच काढलंस."

मला आधी कळलंच नाही.

"मशीन बंद होतं माझं," ते म्हणाले. "दोरा ओवत होतो. सगळं ऐकलं."

"मग आईला का नाही सांगितलंत?"

"तुझा पेपर होता."

"पेपर एका दिवसात संपला, बाबा. तीन वर्षं झाली."

त्यांनी बोटातलं अंगुस्तान फिरवलं. "तू रोज सांगायला यायचीस आणि दारातून परत जायचीस," म्हणाले. "म्हटलं, येईल. जमत नाहीये तिला अजून."

गिटारवर धूळ का नव्हती तेही मग कळलं. शिवणाचे उरलेले मऊ तुकडे ते मशीनच्या खणात वेगळे ठेवायचे. दर सोमवारी आई बाजारात गेली की स्टुलावर चढून पुसायचे. माझा फोटोही त्याच फडक्याने.

आता शेवटचं सांगते. बावीस जूनला दुपारी चारला मी वाजवायला बसले. बाबांचे डोळे मिटलेले होते, पण अंगुस्तान दांडीवर चालू होतं, फार अंतराअंतराने. मी त्याच्यामागून गेले. तिसऱ्या ओळीशी आले, बोट आडवं टाकलं, आणि दादा, सहाही तारा वाजल्या. एकही मेली नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी न थांबता चौथ्या ओळीत शिरले. तुझ्या नव्या ओळीत.

बाबांनी डोळे उघडले. दांडीवरचा हात वर केला. "हे काय? कुठे निघालीस?"

मी म्हटलं, "पुढे आहे अजून, बाबा. दादाने पाठवलंय ना."

"ते राहू दे. त्याचं वाजव."

मग मी मागे आले आणि मुद्दाम अडले. सहा महिने जी चूक काढायला धडपडत होते ती मुद्दाम केली. मनगट वाकडं केलं, चौथी तार मारली, मागे गेले, परत आले, परत अडले. तीनदा. तू थांबायचास तिथे थांबले.

"हां," म्हणाले. "आहे घरात."

नंतर अंगुस्तान वाजलं नाही, पण ते झोपले होते. गेले दोन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला. मी सहावी ब ला आरसा शिकवत होते. शिपाई दारात आला तेव्हा एक मुलगी विचारत होती, आरशात डावं उजवं का होतं, आणि मी तिला म्हटलं, आले हं, सांगते.

अंगुस्तान मी काढून ठेवलं आहे. तुझ्यासाठी.

मी आईला सगळं सांगितलं, तुझ्या फोननंतर. ती चादरींच्या घड्या घालत होती. शेवटची घडी घातली. मग म्हणाली, "वर्षभर मी त्या माणसाशी धड बोलले नाही. ते दिवस आता कुठून आणू?"

मी घड्या उचलून कपाटात ठेवल्या.

तुला क्षमा कर असं लिहिणार नाही. ती मागायला मला पत्राची सोय नको.

तुझी बहीण


२१ ऑगस्ट

दादा,

सात आठवडे कार्ड आलं नाही तेव्हा मी समजले होते की आता येणार नाही. रोज पोस्टमन गेला की गिटार घ्यायचे. वीस मिनिटं, जास्त नाही. आता घाई कशाची?

काल आलं. वर 'टाचणी' लिहिलं होतंस. ही हाक तीन वर्षांनी ऐकली, म्हणजे वाचली. लहानपणी तू ठेवलेलं नाव. घरभर बाबांच्या टाचण्या आणि त्यात मी सगळ्यात जास्त टोचणारी, म्हणून. अंगणात उभ्या उभ्या कार्ड परत वाचलं.

खाली दोनच ओळी. 'तीन पत्रं लिहिली आणि फाडली. ऑक्टोबरला येतोय, पण दारात आल्यावर तुझ्याशी कुठून सुरुवात करायची ते कळत नाही.'

कार्ड आईला दिलं. ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं, जशी तेव्हा बाबांशी बोलायची. मी तक्रार करत नाही. काल मात्र कार्ड वाचून म्हणाली, "त्याला लिही, कॉट मी हलवलेली नाही. त्याला तिथेच झोपायचं तर झोपू दे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तू आज वाजवलं नाहीस अजून." मी वाजवलं. ती आत भांडी घासत गुणगुणत होती, तीनदा मागे जाऊन. तिसऱ्यांदा तिचा आवाज फुटला, आणि भांडी वाजायची थांबली. मी थांबले नाही. थांबले असते तर तिला रडताना मी ऐकलं असं झालं असतं.

चौथी, पाचवी, सहावी ओळ मी शिकत नाहीये. कागद तुझ्या वहीत ठेवला आहे. त्या ओळी या घरात अजून कुणी ऐकलेल्या नाहीत. त्या तू वाजव. आम्ही दोघी ऐकू.

तू विचारलंस कुठून सुरुवात करायची. काल रात्रभर मी विचार केला. आधी वाटलं, सगळं पहिल्यापासून बोलावं, तुझी पहिली गिटार, माझं कॉलेज, बाबांची टिणटिण. मग तुझी वही उघडली. पार पहिल्यापासून नको, असं तूच लिहून ठेवलं आहेस. चुकलं तिथे थांबायचं, दोन मागे जायचं आणि तिथून यायचं.

कुठे चुकलं ते मला माहीत आहे. शब्द न शब्द माहीत आहे. तिथून दोन वाक्यं मागे मोजली, दादा. तू दारात उभा आहेस. माझ्यासमोर पुस्तक आहे. तू विचारतो आहेस, "चहा टाकतोय. तुलाही टाकू का?"

हो. मलाही टाक.

तुझी
टाचणी